वाचकांचे प्रश्न : गवताच्या छोट्या तुकड्यांना चुना – कुठून, किती आणि कसा

सातपुड्याच्या पायथ्याची काही गावे आणि रानाला लागून शेत असलेले काही शेतकरी वन्यप्राण्यांसाठी चाऱ्याचे छोटे तुकडे राखू लागले आहेत. कुठे दोन गुंठे, कुठे दहा. ससा, भेकर, मोर, तितर, चिंकारा यांना उन्हाळ्याच्या तोंडावर थोडे हिरवे मिळावे, हा हेतू. या तुकड्यांना चुना टाकावा का, यावर बरीच पत्रे आली. सारख्या प्रश्नांची एकत्र उत्तरे देत आहोत.

खानदेशातली बहुतेक जमीन बेसॉल्टपासून झालेली आहे आणि तिच्यात चुना मुळातच भरपूर असतो. त्यामुळे खालची चुन्याची मात्रा फक्त आम्ल निघालेल्या तुकड्यांसाठी आहे. तापीकाठच्या काळ्या जमिनीचे दुखणे निराळे. त्याचे उत्तर पुढे वेगळे दिले आहे.

धडगाव तालुक्यातून : डोंगरातल्या सहा गुंठ्यांच्या तुकड्याचा सामू (pH, म्हणजे मातीची आम्लता दाखवणारा आकडा; ७ च्या खाली आम्ल) ५.६ आला. चवळी, स्टायलो आणि लसूणघास पेरायचा विचार आहे. चुना किती टाकू?

आधी पिकांची यादी पुन्हा बघा. चवळी ५.५ सामूपर्यंत तग धरते. स्टायलो या शेंगवर्गीय चाऱ्याला आम्ल जमीन चालतेच. पवना, मारवेल, डोंगरी या आपल्या गवतांचेही या सामूवर अडत नाही. अडते ते एकट्या लसूणघासाचे. त्याला ६.५ ते ७.५ सामू सगळ्यात चांगला मानवतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे हिवाळा-उन्हाळ्यात पाणी लागते. डोंगरातल्या कोरडवाहू तुकड्यावर सामू सुधारला तरी लसूणघास मार्चच्या पुढे टिकणार नाही. तो यादीतून काढला, तर तुम्हाला यंदा चुन्याची गरजच नाही. आमचा सल्ला हाच आहे. चुन्याचा खर्च बियाण्यावर आणि कुंपणाच्या काट्यांवर करा.

पाण्याची सोय असेल आणि लसूणघास घ्यायचाच असेल, किंवा सामू ५.५ च्या खाली असेल, तर मात्र चुना हवा. सामू ५.५ च्या खाली गेला की मातीतले ॲल्युमिनियम विरघळू लागते. मुळांची टोके जाड आणि आखूड होतात, आणि वरून खत टाकूनही झाड खुरटेच राहते.

मात्रा ठरवताना प्रयोगशाळेकडून 'चुन्याची गरज' मागून घ्या. नुसत्या सामूवरून ती नीट निघत नाही, कारण सारखाच सामू असला तरी चिकणमातीला मुरमाड मातीपेक्षा कितीतरी जास्त चुना लागतो. आकडा मिळालाच नाही तर ढोबळमानाने असे धरा : सामू ५.५ वरून ६.२ च्या आसपास आणायला हलक्या मुरमाड मातीला हेक्टरी १ ते १.५ टन, मध्यम पोयट्याला २ टन, भारी मातीला ३ टन चुनखडीची बारीक पूड. हेक्टरी १ टन म्हणजे गुंठ्याला १० किलो. त्यामुळे अहवालात टनांचा जो आकडा असेल त्याला दहाने गुणा, गुंठ्याचे किलो मिळतात. तुमची माती मध्यम असेल तर गुंठ्याला २० किलो, सहा गुंठ्यांना १२० किलो.

आता डोंगरातल्या जमिनीसाठी दोन वजाबाक्या, ज्या अहवालात लिहिलेल्या नसतात. पहिली खोलीची. अहवालातली मात्रा १५ सेंटिमीटर मातीसाठी असते. तुमच्याकडे मुरूम आठ सेंटिमीटरवरच लागत असेल, तर मात्रा जवळजवळ निम्मी करा. दुसरी दगडगोट्यांची. प्रयोगशाळा माती चाळून मग तपासते, त्यामुळे खडे हिशेबात येत नाहीत. एका घमेल्यात माती घेऊन खडे वेगळे करा. तिसरा हिस्सा खडे निघाले तर मात्राही तिसऱ्या हिश्श्याने कमी करा. या दोन गोष्टी न बघता पूर्ण मात्रा टाकली, की पातळ मातीत चुना जास्त होतो. मग सामू ७.५ च्या वर जाऊन जस्त, लोह आणि मँगनीज पिकाला मिळेनासे होते. कमी पडलेला चुना पुढच्या वर्षी टाकता येतो, जास्त झालेला परत काढता येत नाही.

नवापूर तालुक्यातून : शंभर-दीडशे किलो चुनखडीची पूड कुठे मिळेल? खताच्या दुकानात विचारले तर कुणाकडेच नाही.

खताच्या दुकानात ती सहसा नसतेच, कारण आपल्याकडे तिला गिऱ्हाईक नाही. पण हीच पूड दुसऱ्या नावांनी दुसऱ्या दुकानांत असते, आणि नवापूरकरांना तर ती दाराशी आहे. अंड्यांच्या कोंबड्यांना खाद्यातून कॅल्शियम देण्यासाठी पोल्ट्रीवाले लाइमस्टोन पावडर वापरतात. कोंबडीखाद्याच्या व्यापाऱ्याकडे ती पोत्याने मिळते. घेताना 'पावडर' असेच सांगा. 'ग्रिट' नावाने मिळते ती खडी असते आणि जमिनीत वर्षानुवर्षे तशीच पडून राहते. पोल्ट्रीतून अंड्यांची टरफले मिळत असतील तर तीही वाळवून, दळून चालतात. त्यांत जवळजवळ सगळे कॅल्शियम कार्बोनेटच असते.

दुसरी जागा म्हणजे मत्स्यशेतीचे साहित्य विकणारे. तळ्यात टाकायला त्यांच्याकडे चुनखडी किंवा डोलोमाइटची पूड असते. डोलोमाइटमध्ये मॅग्नेशियमही असते आणि आम्लता मारण्याची ताकद चुनखडीपेक्षा किंचित जास्त असते. मात्र ते सावकाश विरघळते. डोलोमाइटच्या खाणी आणि दळणाऱ्या चक्क्या शेजारच्या गुजरातेत छोटा उदेपूर भागात आहेत, म्हणून नंदुरबार जिल्ह्याला ते सोयीचे. पूर्ण गाडीचे भाडे एकट्या सहा गुंठ्यांना परवडत नाही. चुनखडी स्वस्त असते, पैसे जातात ते वाहतुकीत. चार-पाच पाड्यांनी मिळून मागणी केली किंवा परतीच्या रिकाम्या टेंपोत पोती टाकून घेतली, तरच हिशेब बसतो.

तिसरी जागा फरशी कापणाऱ्यांची. शहाबादी आणि कोटा फरशी या दोन्ही चुनखडीच्याच. त्यांच्या कापकामाचा गाळ वाळवला की बारीक पूड मिळते, बऱ्याचदा फुकट. पण त्याच कारखान्यात ग्रॅनाइटही कापत असतील तर गाळ मिसळलेला असतो, आणि ग्रॅनाइटमध्ये चुना नसतो. तेव्हा तपासून घ्या.

घरी तपासायची रीत अशी. दहा ग्रॅम कोरडी पूड काचेच्या बरणीत घ्या. उघड्यावर, डोळ्यांवर चष्मा आणि हातांत रबरी मोजे घालून तिच्यावर संडास धुण्याचे साधे ॲसिड थोडे थोडे ओता. चुनखडी फसफसते. फेस यायचा थांबेपर्यंत ॲसिड घालत राहा. डोलोमाइट हळू फसफसते, त्याला तासभर द्या. फेस थांबल्यावर खाली उरलेला गाळ कापडातून गाळून, धुऊन, वाळवून तोला. दोन ग्रॅम उरला तर पूड ८० टक्के चांगली, पाच ग्रॅम उरला तर निम्मी रेतीच घेतलीत असे समजा. अजिबात फसफसलीच नाही तर ती चुनखडी नव्हे. जिप्सम आणि प्लास्टर ऑफ पॅरिस दिसायला तसेच पांढरे असतात, पण त्यांनी सामू वाढत नाही. मैदान आखायची फक्की आणि रांगोळी यांच्यावरही विसंबू नका. त्यांत काय मिसळलेले असते ते पोत्यागणिक बदलते.

बारीकपणाही बघा. मूठभर पूड मैद्याच्या चाळणीने चाळा. खाली पडते ती पहिल्या वर्षी कामाला येणारी. वर राहते ती निम्म्या गुणाची धरा, आणि ज्वारीच्या दाण्याएवढे खडे हिशेबातच धरू नका.

एक उदाहरण करून दाखवतो. गुंठ्याला २० किलो हवी आहे. पूड ८० टक्के शुद्ध, म्हणून २० भागिले ०.८, म्हणजे २५ किलो. तिच्यात १० टक्के ओल आहे, म्हणून २५ भागिले ०.९, म्हणजे सुमारे २८ किलो. अर्धी पूड चाळणीवर राहिली, म्हणजे एकूण गुण पाऊण, म्हणून २८ भागिले ०.७५, म्हणजे सुमारे ३७ किलो. थोडी महाग पण कोरडी आणि बारीक पूड शेवटी स्वस्त का पडते, ते यावरून कळेल.

चुनकळी, म्हणजे भाजलेला कच्चा चुना, शक्यतो घेऊच नका. ओल लागली की ती तापते, फुगते, पोते फुटते आणि गवताच्या गंजीजवळ असेल तर आग लागू शकते. विरलेला, म्हणजे पाणी घालून विझवलेला चुना मिळत असेल तर चालतो, पण तो तीव्र असतो. चुनखडीच्या २० किलोंचे काम विरलेल्या चुन्याचे १५ किलो करतात, चुनकळीचे ११.

अक्कलकुवा तालुक्यातून : ट्रॅक्टर चढत नाही अशा उतारावर हाताने चुना सारखा कसा पसरायचा? मागे टाकला होता तर कुठे पांढरे पट्टे, कुठे काहीच नाही असे झाले.

पट्टे पडले ते बहुधा दोन कारणांनी. सगळी पूड एकाच दिशेने चालत एकदाच टाकली, आणि प्रत्येक गुंठ्याचे वजन वेगळे काढले नाही. अंदाजाने टाकताना सुरुवातीच्या गुंठ्यावर हात सढळ पडतो आणि शेवटच्याला काही उरत नाही.

तुकडा आधी गुंठ्यागुंठ्याने आखा. गुंठा म्हणजे साधारण ३३ फूट बाय ३३ फूट. चार कोपऱ्यांना खुंट्या, मधे सुतळी. गुंठ्याची पूड काट्यावर तोलून तिचे दोन सारखे वाटे करा. गुंठ्याचे साडेपाच फूट रुंदीचे सहा पट्टे पाडा, कारण उभ्या माणसाचा हात दोन्ही बाजूंना तेवढाच सहज जातो. पहिला वाटा या सहा पट्ट्यांत उभा टाका, दुसरा वाटा तसेच आडवे पट्टे धरून. उभ्या फेरीत राहिलेली जागा आडव्या फेरीत भरून निघते. २० किलोंच्या मात्रेत एका फेरीला एका पट्ट्यावर सुमारे १.६७ किलो पूड येते. घमेल्यात तेवढी पूड कुठवर येते तिथे एकदा खूण करून ठेवा, म्हणजे दर वेळी काट्याकडे धावावे लागणार नाही.

हाताचा अंदाज बसवायला एक मीटर बाय एक मीटरचे गोणपाट वाटेत अंथरा आणि त्यावरून नेहमीसारखे टाकत जा. दोन्ही फेऱ्या झाल्यावर त्यावर २०० ग्रॅमच्या आसपास पूड पडलेली असली पाहिजे. १५० ते २५० मध्ये असेल तर हात बसला. ३०० च्या वर जात असेल तर मुठी लहान करा.

पूड फार बारीक असेल तर उडते. तिच्यात दुप्पट ओलसर, चाळलेली माती मिसळा. मग ती मुठीत धरता येते आणि टाकलेली जागाही दिसते. कोरड्या, मैद्यासारख्या पुडीसाठी विरळ विणीच्या गोणपाटाची रीत चांगली. पोते तिसरा हिस्सा भरायचे, दोघांनी दोन टोकांना धरून जमिनीपासून गुडघाभर उंचीवर हलके झटकत चालायचे. सकाळी वारा उठण्याआधी काम आटोपा. मे महिन्यात आपल्याकडे दहा वाजल्यानंतर पूड शेतात कमी आणि शेजाऱ्याकडे जास्त जाते. पेरणीच्या पाभरीत किंवा खताच्या पेटीत नुसती पूड भरू नका. ती आत कमान करून अडकते, खाली पडतच नाही, आणि मागे कोरडे तास (पेरणीच्या ओळी) राहतात.

उतारावर आणखी एक पथ्य आहे. पूड टाकली की त्याच दिवशी मातीत मिसळा. बैल चालत असतील तर वखराची पाळी समपातळीने, नसतील तर दाताळ्याने किंवा कुदळीने. पूड वर राहिली आणि वळवाचा जोराचा पाऊस आला, तर ती खालच्या बांधाशी जाऊन बसते. उतार तीव्र असेल तर सबंध तुकडा उकरू नका. समपातळीत दोन-दोन फुटांच्या पट्ट्यांतच चुना आणि बी टाका, मधले गवत माती धरायला राहू द्या. मात्रा मग फक्त पट्ट्यांच्या क्षेत्रापुरती काढा.

आधीपासून उभे गवत आहे आणि ते मोडायचे नाही, तर वरून एका वेळी गुंठ्याला १० ते १५ किलोंपेक्षा जास्त टाकू नका. न मिसळलेला चुना खाली उतरतो तो वर्षाला जेमतेम एखाद-दोन सेंटिमीटर. जास्त टाकून तो लवकर उतरत नाही. वरचा थर मात्र गरजेपेक्षा चुनखडीचा होतो.

एवढ्या पुडीची ने-आण डोक्यावरून करायची असेल तर सरळ तासातल्या मात्रेची रीत धरा. पेरणीच्या वेळी गुंठ्याला २ ते ४ किलो बारीक पूड फक्त तासांत टाकायची, वर हलकी माती ओढायची आणि मग बी. सबंध जमिनीचा सामू याने बदलत नाही, पण कोवळ्या मुळांभोवतीची माती सुधारते आणि कडधान्याच्या गाठी नीट धरतात. दर वर्षी पुन्हा टाकावी लागते. या रीतीला चुनखडीचीच पूड वापरा, विरलेला चुना नव्हे. तो बियाण्याजवळ पडला तर कोंब जळतो आणि बियाण्याला चोळलेले रायझोबियम, म्हणजे गाठी धरणारे जिवाणू, तेही मरतात.

वेळ मे अखेरची, म्हणजे पेरणीआधी दोन-तीन आठवडे. कोरड्या मातीत चुना नुसता पडून राहतो, त्याचे काम पहिल्या ओलीपासून सुरू होते. खरिपात थोडा फरक दिसेल, पुरता परिणाम पुढच्या वर्षी. सप्टेंबर-ऑक्टोबरात जमिनीत ओल असताना टाकला तरी उत्तम.

तोंडाला फडके, डोळ्यांना चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा. विरलेला चुना डोळ्यांत गेला तर चोळू नका. स्वच्छ पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटे धरा आणि लगेच दवाखाना गाठा. रिकामी पोती आणि सांडलेला चुना रानात ठेवू नका. गुरे आणि रानातली जनावरे पांढरे दिसले की चाटतात, आणि विरलेल्या चुन्याने त्यांचे तोंड भाजते.

शिरपूरहून : चुन्याऐवजी चुलीची राख चालेल का?

आम्ल तुकड्याला चालेल. लाकडाच्या राखेची ताकद चुनखडीच्या निम्मी किंवा त्याहून कमी धरा, शिवाय तिच्यातून पालाश मिळतो. कोरडी, चाळलेली, प्लास्टिक न जाळलेल्या चुलीचीच हवी. काळ्या जमिनीला राखेचा जास्त मारा करू नका.

रावेरहून : केळीच्या बागेच्या कडेला तीन गुंठे चारा मोरांसाठी ठेवला आहे. माती काळी. कुणी म्हणाले चुना टाका, गवत जोमदार येईल. टाकू का?

नाही. रावेर-यावलच्या काळ्या गाळाच्या जमिनीत मुक्त चुनखडी आधीच असते. नांगरताना वर येणारे पांढरे खडे त्याचेच. मातीच्या ढेकळावर पातळ ॲसिडचे चार थेंब टाकून बघा. चर्र आवाज येऊन फेस आला तर त्या मातीला चुना दाखवायचाही नाही. मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि नऊ अन्नद्रव्ये मिळून बारा बाबी असतात, मुक्त चुनखडी त्यांत नसते. नमुना देताना ती वेगळी मागा. १० टक्क्यांच्या वर निघाली तर स्फुरद, लोह आणि जस्त यांची अडचण येणार हे धरून चला. तुमच्या तीन गुंठ्यांना दोन गाड्या कुजलेले शेणखत चुन्यापेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडेल.

नमुना घेताना आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा करा आणि एका बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने खरवडा. बांधाजवळची, झाडाखालची आणि उकिरड्याजवळची जागा टाळा. सगळी माती एकत्र करून, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. सावलीत वाळवा, खताच्या पोत्यात भरू नका. जळगाव आणि धुळ्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात द्या. रावेर-यावलकरांना पालचे केंद्र जवळ आहे.

चोपड्याहून : चाऱ्याच्या तुकड्यातली चवळी आणि भुईमूग शेंड्याकडून पिवळे पडले. चुना कमी पडला म्हणावा का?

उलट. कोवळी पाने पिवळी, शिरा हिरव्या आणि खालची पाने ठीक, ही लोहाच्या कमतरतेची खूण आहे. ती चुनखडीच्या जमिनीतच जास्त दिसते. लोह मातीत असते, पण वाढलेल्या सामूमुळे पिकाला घेता येत नाही. पावसाचे पाणी साचले की पिवळेपणा आणखी वाढतो. दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड मिसळून संध्याकाळी फवारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा. द्रावण ताजे असताना हिरवट असते. तांबूस झाले तर ते फुकट गेले, टाकून द्या. हिराकस नुसता जमिनीत टाकला तर चुनखडी त्याला लगेच बांधून ठेवते. द्यायचाच असेल तर शेणखतात आठवडाभर मुरवून तासांत द्या.

मुक्ताईनगरहून : पूर्णाकाठच्या पडीक तुकड्यात काहीच उगवत नाही. पाणी दिले तर डबके होते, वाळले की दगडासारखे कडक. चुना की जिप्सम?

लक्षणे चोपण जमिनीची आहेत. तिथे चुना टाकायचा नाही. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसतो आणि कण सुटे होऊन छिद्रे बुजतात. खात्रीसाठी एक चमचा माती बाटलीभर पावसाच्या पाण्यात हलवून ठेवा. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच असेल तर चोपण. पाणी निवळले आणि जमिनीवर क्षारांचे पांढरे फूल, म्हणजे मिठासारखा थर, येत असेल तर ती खारवट. तिला जिप्सम लागत नाही. चर काढून चांगल्या पाण्याने क्षार धुतले की भागते.

चोपण तुकड्याला आधी उताराच्या बाजूने अडीच-तीन फूट खोल चर काढा. जिप्सममुळे सोडियम सुटला तरी त्याला बाहेर जायला वाट हवी. चर नसेल तर जिप्समचा पैसा वाया गेला म्हणून समजा. मग प्रयोगशाळेने काढलेल्या जिप्समच्या गरजेच्या निम्मे टाका. गरज हेक्टरी ६ टन असेल तर ३ टन, म्हणजे गुंठ्याला ३० किलो. मे महिन्यात वरच्या १० सेंटिमीटरमध्येच मिसळा, खोल नांगरून गाडू नका. छोटे वाफे बांधून पावसाचे पाणी आत अडवा. जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम विरघळते, म्हणून एका पावसात काम होत नाही. पहिल्या वर्षी धैंचा हे हिरवळीचे खताचे पीक पेरून पंचेचाळीस दिवसांनी गाडा. नंतर कर्नाल गवत किंवा ऱ्होड्स लावा, ही दोन्ही अशा जमिनीत तग धरतात.

जमीन चोपणही आहे आणि ॲसिडने फसफसतेही, असे असेल तर गंधक जास्त परवडते. मातीतले जिवाणू गंधकाचे आम्ल करतात आणि ते आम्ल मातीतल्याच चुनखडीचे जिप्सम करते. एक किलो गंधक साधारण ५.४ किलो जिप्समचे काम करते, पण त्याला ऊब, ओल आणि काही महिने लागतात.

शहाद्याहून : चुना आणि युरिया एकदमच टाकून एक फेरी वाचवली तर?

वाचवू नका. विरलेल्या चुन्याशी युरिया, अमोनियम सल्फेट, डीएपी किंवा ताजे शेण एकत्र आले की नत्र अमोनिया होऊन उडते. वास येतो तो त्याचाच. डीएपीतला स्फुरदही अडकतो. चुनखडीची पूड सौम्य असली तरी मधे दोन-तीन आठवडे ठेवा. आधी चुना, नंतर खत.

यावलहून : गावाला लागून अभयारण्य आहे. आतल्या मोकळ्या जागेत आम्ही तरुण मंडळींनी गवत लावून चुना टाकला तर हरकत आहे का?

हरकत आहे. अभयारण्यात अधिवासात बदल करायला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि राखीव जंगलात जमीन उकरणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा आहे. हेतू कितीही चांगला असला तरी. कुरण विकासाचे काम वनविभाग स्वतः करतो. वनक्षेत्रपालांना लेखी अर्ज देऊन त्यात श्रमदान करा. गावाला सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याखाली त्या जंगलाचे संवर्धन करण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. तिथे ठराव करून काम करता येते.

खासगी शेतातल्या तुकड्याला अशी परवानगी लागत नाही, पण जागा विचार करून निवडा. पिकाच्या मधोमध किंवा विहिरीजवळ हिरवा तुकडा ठेवला तर रोही (नीलगाई) आणि रानडुकरे त्याच वाटेने हरभऱ्यात शिरतात, आणि नुकसान शेजाऱ्याचेही होते. रानाच्या बाजूची, नाल्याकाठची, पिकापासून तुटक असलेली जागा घ्या. रोह्यांचा त्रास असलेल्या गावात लसूणघास, चवळी असे गोड चारे टाळून मारवेल, पवना अशी गवतेच ठेवा. ससे आणि तितर त्यांत आडोसाही घेतात, आणि कळपाला पिकाकडे ओढणारे त्यांत काही नसते. या गवतांना चुनाही लागत नाही.